प्रेक्षकाच्या हातात काम

१ जानेवारी २००७ रोजी अमेरिकेतल्या दोन सख्ख्या भावांनी एकमेकांना लिहिणं बंद केलं. ई-मेल नाही, मोबाइलवर मेसेज नाही, चॅट नाही. काही सांगायचं असेल तर ते यूट्यूबवरच्या व्हिडिओतून सांगायचं, आठवड्यातले पाच दिवस, आलटून-पालटून: आज एकाने, उद्या दुसऱ्याने. थोरला जॉन ग्रीन कुमारवयीन वाचकांसाठी कादंबऱ्या लिहायचा. धाकटा हँक माँटाना राज्यातल्या मिझुला गावी राहायचा. उपक्रमाचं नाव ‘ब्रदरहुड २.०’ आणि चॅनेलचं नाव ‘व्लॉगब्रदर्स’. गूगलने यूट्यूब विकत घेऊन तेव्हा जेमतेम काही आठवडे झाले होते. जाहिरातीच्या पैशातला वाटा व्हिडिओ करणाऱ्याला देण्याची सोयसुद्धा सुरू व्हायची होती.

हे चॅनेल आजही चालू आहे. सबस्क्रायबर चाळीस लाखांच्या आसपास. यूट्यूबच्या आजच्या बाजारात हा आकडा मोठा नव्हे. गाण्यांची आणि लहान मुलांच्या कार्टूनची चॅनेलं याच्या कितीतरी पट पुढे आहेत. तरी समाजमाध्यमांवर लोक कसे जोडले जातात आणि जोडलेले कसे टिकतात, हे समजून घ्यायला याच्याइतकं चांगलं उदाहरण क्वचित सापडेल. कारण या भावांनी प्रेक्षकांना नुसतं बघत बसू दिलं नाही, पहिल्या महिन्यापासून काहीतरी करायला लावलं.

गाणं पहिल्या पानावर

सुरुवातीचे सहा महिने प्रेक्षक अगदी मोजके होते. पण त्या मोजक्यांना एक भूमिका होती. व्हिडिओ चार मिनिटांपेक्षा लांबला किंवा एखादा दिवस चुकला, तर चुकणाऱ्या भावाला शिक्षा. चूक पकडायला प्रेक्षक टपलेले आणि शिक्षा सुचवायलाही तेच पुढे. घड्याळ लावून बघणारा हा माणूस नकळत खेळातला पंच झाला होता.

फेब्रुवारीत जॉनने विमानतळावरच्या एका व्हिडिओ गेमचं नाव चुकून ‘नर्ड फायटर्स’ असं वाचलं. पुस्तकांत आणि छंदांत बुडालेल्या, त्यामुळे वर्गात चेष्टेचा विषय होणाऱ्या मुलांना ते नाव आवडलं आणि त्यांनी ते स्वतःला लावून घेतलं. चॅनेल अजून फारसं कुणाला माहीत नव्हतं, तेव्हाच त्याच्या प्रेक्षकांना नाव होतं.

जुलैत हॅरी पॉटरचं शेवटचं पुस्तक येणार होतं. सगळं जग त्याची वाट बघत असताना, पुस्तक येण्याच्या तीन दिवस आधी हँकने गिटार घेऊन त्यावर एक गाणं म्हटलं. त्या काळी यूट्यूबच्या पहिल्या पानावर काय दिसावं हे तिथले संपादक ठरवत. त्यांनी हे गाणं उचललं आणि चॅनेलवर एकदम लोंढा आला.

असा लोंढा आज अनेकांना अनुभवायला मिळतो. एखादी रील चालते, रात्रीत लाखो व्ह्यूज येतात, आणि पंधरवड्यात सगळं पूर्वपदावर जातं. ग्रीन बंधूंचं तसं झालं नाही. नव्याने आलेल्या माणसाला तिथे एक चालतं-बोलतं जग दिसलं: नियम होते, शिक्षा होत्या, आपसातले विनोद होते, स्वतःला नाव घेतलेली माणसं होती आणि दुसऱ्या दिवशी नवा व्हिडिओ येणार याची खात्री होती. गाणं त्याला दारापर्यंत घेऊन आलं. त्याला थांबवलं ते आधीच्या सहा महिन्यांतल्या मोजक्या लोकांनी. म्हणून पहिले शंभर-दोनशे प्रेक्षक हे पुढच्या हजारांची नुसती पायरी समजू नयेत. नवा माणूस त्यांच्याकडे बघूनच ठरवतो की इथे कसं वागायचं, आणि राहायचं की निघायचं.

यंत्र काय मोजतं

आता ती संपादक मंडळी नाहीत. कुणाच्या पडद्यावर काय यावं हे अल्गोरिदम ठरवतं. ते गूढ वाटतं, पण त्याचा गाभा साधा आहे. यूट्यूबच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दोन टप्पे सांगितले आहेत. पहिल्या टप्प्यात त्या माणसाच्या आजवरच्या बघण्यावरून लाखो व्हिडिओंतले काही शे निवडायचे. दुसऱ्या टप्प्यात त्यांचा क्रम लावायचा, आणि क्रम लावताना अंदाज बांधायचा तो हा माणूस हे किती वेळ बघेल याचा. त्याआधी २०१२ मध्येच यूट्यूबने किती जणांनी क्लिक केलं यापेक्षा किती वेळ बघितलं याला महत्त्व द्यायला सुरुवात केली होती. कारण उघड होतं. नुसती क्लिक मोजली की भडक चित्र आणि फसवं शीर्षक लावणाऱ्यांचं फावतं.

यातून नवशिक्याने दोन गोष्टी घ्याव्यात. एक, यंत्र तुमचा व्हिडिओ ‘चांगला’ आहे का हे बघत नाही. अमुक माणसाला तो पाहावासा वाटेल का, एवढंच बघतं. म्हणजे आज पाककृती, उद्या राजकारण आणि परवा क्रिकेट असा फराळ मांडला, तर कुणाला काय दाखवायचं हेच त्याला उमगत नाही. दोन, व्हिडिओची पहिली काही सेकंदं आणि शीर्षकात दिलेला शब्द यांचा मेळ हवा. शीर्षक एक सांगतं आणि व्हिडिओ नमस्कार-चमत्कारात दीड मिनिट घालवतो, तिथे माणूस निघून जातो आणि यंत्र त्याची नोंद ठेवतं.

आकड्यांकडे मात्र जपून बघावं. त्यांची व्याख्या कंपनी ठरवते आणि कंपनीच ती बदलते. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूबच्या शॉर्ट्सवर व्हिडिओ नुसता सुरू झाला तरी एक व्ह्यू धरला जातो. फेसबुकने २०१६ मध्ये कबूल केलं की लोक व्हिडिओ सरासरी किती वेळ बघतात हा आकडा ते दोन वर्षं फुगवून देत होते. तीन सेकंदांच्या आत सोडून गेलेल्यांना त्यांनी हिशेबातच धरलं नव्हतं. त्या आकड्यांवर विसंबून ज्यांनी आपलं धोरण ठरवलं, त्यांच्या हाती काही उरलं नाही. व्ह्यूज सांगतात की किती जणांच्या नजरेसमोरून आपण गेलो. परत कोण आलं हे विचारायला दुसरे आकडे आहेत: जुने प्रेक्षक किती, शेवटपर्यंत बघणारे किती, दुसऱ्याला पाठवणारे किती. चॅनेलची तब्येत तिथे कळते.

छोटं काम, मोठं काम

डिसेंबर २००७ मध्ये ग्रीन बंधूंनी प्रेक्षकांपुढे पहिलं मोठं काम ठेवलं. प्रत्येकाने आपल्या आवडत्या सेवाभावी संस्थेवर एक व्हिडिओ करायचा. मग सगळ्यांनी सगळ्यांचे व्हिडिओ बघायचे, त्यांवर कमेंट करायच्या आणि यूट्यूबच्या याद्यांमध्ये त्यांना वर चढवायचं. एका दिवसासाठी त्या जागेवर सेवाकार्याचा ताबा. या उपक्रमाचं नाव ‘प्रोजेक्ट फॉर ऑसम’. तो दरवर्षी होतो आणि आता त्यातून निधीही उभा राहतो, लाखो डॉलरच्या घरात.

२०११ च्या जूनमध्ये जॉनने आपल्या आगामी कादंबरीचं नाव जाहीर केलं: ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’. आगाऊ मागणी नोंदवणाऱ्याला मिळणारी प्रत आपण सही केलेली असेल, असं त्याने सांगून टाकलं. सहीची शाई कोणत्या रंगाची असावी यावर प्रेक्षकांनी मतदान केलं. पुस्तक प्रकाशित व्हायला सहा महिन्यांहून जास्त अवकाश होता, तरी ते अॅमेझॉनच्या विक्री-यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. जॉनला सुमारे दीड लाख कागदांवर सह्या कराव्या लागल्या. सह्या करता करता तो व्हिडिओ करत होता, म्हणजे दिलेला शब्द पाळला जातोय हे लोकांना दिसत होतं.

शाईचा रंग निवडणं हे अगदी क्षुल्लक काम. एक क्लिक. संस्थेवर व्हिडिओ करणं हे दोन दिवसांचं काम. दोन्ही लागतात, कारण सगळे प्रेक्षक एका जातीचे नसतात. वेबसाइटी वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये एक ढोबळ नियम मांडला होता: ऑनलाइन समूहात शंभरातले नव्वद नुसतं वाचतात, नऊ अधूनमधून काही लिहितात आणि एक जण बहुतेक सगळं करतो. हे प्रमाण जागोजागी बदलेल, पण उतरंड तीच राहते. नव्वदांसाठी एका बोटाचं काम हवं, नवांसाठी एका वाक्याचं आणि त्या एकासाठी जीव ओतता येईल असं. बरेच जण फक्त पहिलं देतात, ‘लाइक करा, शेअर करा, सबस्क्राइब करा’, आणि तेही असं की त्याचा उपयोग फक्त सांगणाऱ्याला. प्रेक्षकाला त्यातून काय मिळालं? शाईच्या रंगाचं तसं नव्हतं. पुढे हातात पडणारी सही कोणत्या रंगांत असेल, हे मत देणाऱ्यांच्याच मतांवरून ठरणार होतं.

हे आपल्याकडे आणून बघू. समजा, नाशिक जिल्ह्यातला एक तरुण शेतीवर चॅनेल चालवतो. ‘कमेंटमध्ये तुमचं मत सांगा’ असं म्हटलं तर ‘छान माहिती दादा’ एवढंच येणार. त्याऐवजी त्याने रोज संध्याकाळी विचारावं: तुमच्या बाजार समितीत आज कांद्याला काय भाव निघाला? लासलगाव, पिंपळगाव, चाकण, सोलापूर. उत्तर एका ओळीचं आहे, प्रत्येकाला ते माहीत आहे आणि प्रत्येकाला दुसऱ्याचं उत्तर हवं आहे. शनिवारी त्या सगळ्या ओळींचा मिळून एक व्हिडिओ करायचा आणि सांगणाऱ्याचं गाव मोठ्याने घ्यायचं. हे शेवटचं टाळलं तर बाकीचं वाया गेलं. काम दिलं आणि त्याचं काय झालं ते दाखवलंच नाही, तर माणूस दुसऱ्यांदा कशाला करेल? पाककृतीचं चॅनेल असो, गडकोटांचं असो की स्पर्धा परीक्षांचं, सूत्र हेच: विचारा, जमा करा, नाव घेऊन परत द्या.

राग हेही एक काम

लोकांना गुंतवण्याचा एक सोपा रस्ता आहे आणि तो सगळ्यांना ठाऊक आहे: चिडवा. मिसळ पुण्याची की कोल्हापूरची, इथून सुरू करा आणि जात, धर्म, महापुरुष यांपर्यंत जा. कमेंटचा पाऊस पडतो.

यंत्रांनी या रस्त्याला कसा हातभार लावला याची फेसबुककडे कागदोपत्री नोंद आहे. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केलं की यापुढे लोकांत संवाद घडवणाऱ्या पोस्टना प्राधान्य मिळेल. हेतू ऐकायला चांगला होता. पण २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगेन या माजी कर्मचारी बाईंनी कंपनीची अंतर्गत कागदपत्रं उघड केली, तेव्हा दिसलं की एके काळी साध्या लाइकला एक गुण असेल, तर संतापाच्या चेहऱ्याला पाच गुण मिळत होते. बाकीच्या भावदर्शक चेहऱ्यांनाही तेवढेच होते; पण खोटी आणि विखारी पोस्ट संतापाच्या चेहऱ्यावरच जास्त पळते, हे कंपनीच्या लोकांच्याच लक्षात आलं. पुढे २०२० मध्ये त्या चेहऱ्याचं वजन शून्यावर आणलं गेलं.

नीती बाजूला ठेवली तरी हा धंदा आतबट्ट्याचा आहे. भांडायला आलेला माणूस तुमच्यासाठी आलेला नसतो, समोरच्याला उत्तर द्यायला आलेला असतो. उद्या तुम्ही पुस्तक काढलं, कार्यशाळा घेतली, मदत मागितली, तर तो येत नाही. आणि तुमच्या शांत प्रेक्षकांतला एकेक जण हळूच निघून जातो, कारण कमेंट वाचणं नकोसं होतं. म्हणून कमेंटची जागा झाडून-पुसून ठेवणं हा चॅनेल चालवण्याचाच भाग आहे. शिव्या काढून टाका, चांगली कमेंट वर चिकटवा, पहिल्या तासात स्वतः उत्तरं द्या. चार ओळींचं नीट उत्तर बाकीचे शंभर जण वाचतात.

एकतर्फी जवळीक

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड व्होल या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९५६ मध्येच एक गोष्ट टिपली होती. रेडिओ-टीव्हीवरचा निवेदक थेट आपल्याशी बोलतो असं प्रेक्षकाला वाटतं. रोज भेटून भेटून तो घरचा होतो. निवेदकाला मात्र हा प्रेक्षक माहीतही नसतो. मोबाइलवर ही जवळीक आणखी दाट झाली. चेहरा हातभर अंतरावर, आवाज थेट कानात, आणि कमेंटला कधीतरी उत्तरही येतं.

याच जवळिकीतून माणसं टिकतात आणि याच जवळिकीचा गैरवापरही होतो. २०१४ मध्ये ग्रीन बंधूंच्या भोवतालच्याच वर्तुळात हे घडलं. काही लोकप्रिय यूट्यूब गायकांवर चाहत्या मुलींशी गैरवर्तन केल्याचे आरोप झाले. त्यांतल्या काहींचं संगीत हँकने सहसंस्थापक म्हणून उभ्या केलेल्या कंपनीतून विकलं जात होतं. कंपनीने त्यांच्याशी संबंध तोडले, आणि प्रसिद्ध माणूस आणि चाहता यांच्यातलं बळ कधीच समान नसतं, ही चर्चा त्या समूहाला उघडपणे करावी लागली.

आपल्याकडे रोजच्या व्यवहारात हा प्रश्न जाहिरातीच्या रूपाने येतो. ताई सांगते म्हणून तेल घेतलं जातं. तेव्हा ताईने पैसे घेतले असतील तर ते सांगायला हवं. जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था ‘आस्की’ने २०२१ मध्ये आणि केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये यासंबंधी मार्गदर्शक नियम काढले. पोस्ट पैसे किंवा भेटवस्तू घेऊन केलेली असेल तर ते ठळक दिसेल असं लिहायचं, तळाच्या हॅशटॅगांच्या गर्दीत लपवायचं नाही. प्रेक्षकाला हे कळल्याने तो तुटत नाही. न सांगितलेलं नंतर कळलं की तुटतो.

भाड्याची जागा

२९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ चिनी अॅपवर बंदी घातली. त्यांत टिकटॉक होतं, आणि भारतात त्याचे सुमारे वीस कोटी वापरकर्ते असल्याचं सांगितलं जात होतं. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतही ज्यांनी तिथे मोठा प्रेक्षक जमवला होता, अशी कितीतरी मुलं-मुली, गृहिणी, शेतकरी होते. त्यांचा तो प्रेक्षक एका रात्रीत गेला. काही दिवसांतच इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणल्या. काही जण तिथे नव्याने उभे राहिले, अनेकांना ते जमलं नाही. त्याआधी सहा सेकंदांच्या व्हिडिओंचं ‘व्हाइन’ २०१७ च्या आरंभी असंच बंद झालं होतं. समाजमाध्यमावरचं आपलं दुकान भाड्याच्या गाळ्यात आहे, आणि मालक नोटीस न देता कुलूप लावू शकतो.

केव्हिन केली या अमेरिकन लेखक-संपादकाने २००८ मध्ये ‘एक हजार सच्चे चाहते’ ही कल्पना मांडली. तुमचं जे काही येईल ते घेणारी हजार माणसं असतील आणि प्रत्येकाकडून वर्षाला शंभर डॉलर थेट तुमच्यापर्यंत येत असतील, तर कलावंताचं पोट चालतं. यातल्या ‘थेट’ या अटीकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. हँक ग्रीनने ती ओळखली होती. भावांनी २०१० मध्ये लॉस एंजेलिसला ‘व्हिडकॉन’ हा मेळावा भरवला आणि पडद्यापलीकडचे लोक एका छताखाली आणले. पुढे ‘क्रॅश कोर्स’ ही शैक्षणिक व्हिडिओंची मालिका चालू ठेवायला त्यांनी प्रेक्षकांकडूनच ऐच्छिक वर्गणी घेण्याची व्यवस्था उभारली. आपल्यासाठी याचा अर्थ इतकाच की ई-मेलची यादी, व्हॉट्सअॅपचा गट, वर्षातून एकदा प्रत्यक्ष भेट यांपैकी काहीतरी पहिल्या वर्षातच सुरू करावं. प्रेक्षक हजारात असताना हे जमतं. लाखात गेल्यावर सुरू करायला गेलं तर जड जातं.

मागण्याचा दिवस

जुलै २०२३. बेडाक्विलीन हे औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगावरचं महत्त्वाचं औषध. जॉन्सन अँड जॉन्सनकडे असलेल्या त्याच्या मूळ पेटंटची मुदत १८ जुलैला संपत होती. पण दुय्यम पेटंटांच्या जोरावर अनेक देशांत कंपनीची मक्तेदारी आणखी काही वर्षं टिकली असती. ११ जुलैला जॉन ग्रीनने यावर संतापाने एक व्हिडिओ केला आणि प्रेक्षकांना सांगितलं, कंपनीला विचारा. प्रेक्षकांनी समाजमाध्यमांवर कंपनीला प्रश्नांनी घेरलं. दोनच दिवसांत बहुतेक अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांना या औषधाच्या स्वस्त आवृत्त्या पुरवण्याचा करार जाहीर झाला.

याचं सगळं श्रेय प्रेक्षकांना देणं चूक ठरेल. वाटाघाटी आधीपासून चालू होत्या. आणि लढा त्याहून जुना होता. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघींनी क्षयरोगावरच्या जुन्या औषधांच्या दुष्परिणामात ऐकण्याची शक्ती गमावली. त्यांनी २०१९ मध्ये भारतात या दुय्यम पेटंटाला हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. कागदपत्रं, वकील, चार वर्षांची चिकाटी हे काम कोणताही व्हिडिओ करू शकत नाही. पण तो विषय लाखो अनोळखी लोकांच्या तोंडी आणणं व्हिडिओला जमलं. त्याच समूहाने पुढे क्षयाच्या निदान-चाचणीच्या किमतीचा प्रश्न लावून धरला, आणि रुग्णांसाठी झटणाऱ्या संस्थांची ही जुनी मागणी अंशतः मान्य झाली: सप्टेंबरात उत्पादक कंपनीने गरीब देशांसाठी चाचणीच्या कार्ट्रिजची किंमत सुमारे २० टक्क्यांनी उतरवली.

औषधाचं पेटंट हा विषय रीलवर चालणारा नाही. त्यात गाणं नाही, भांडण नाही, विनोद नाही. तरीही लोक उठले, कारण सोळा वर्षं ते काही ना काही करत आले होते: शिक्षा सुचवली, शाईचा रंग निवडला, संस्थांवर व्हिडिओ केले, वर्गणी दिली. प्रत्येक वेळी केलेल्याचं फळ त्यांना दाखवलं गेलं होतं. तेव्हा आपला प्रेक्षक किती मोठा, हे ज्याला खरोखर जाणून घ्यायचं असेल त्याने सबस्क्रायबरचा आकडा बघू नये. ज्यात स्वतःचा काडीचाही फायदा नाही असं एखादं काम त्यांच्याकडे मागून बघावं. जेवढे हात वर येतील, तेवढा प्रेक्षक. कमी आले तर पुढच्या व्हिडिओपासून छोटी कामं द्यायला लागावं, कारण मोठ्या मागणीची तयारी तिथूनच होते.